तळ्याच्या दुसऱ्या काठाने

आदरणीय श्री. त्र्यंबक दगडू नेहेते, म्हणजे आपल्या सर्वांचे नेहेते अण्णा, यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी रस्त्याकडेच्या खड्ड्यात पडले होते. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढे मलाही कळते. पण घडले ते असेच, आणि सजवून सांगितलेले अण्णांना आवडत नाही.

चाळिशी ओलांडल्यावर मला सायकलचा नाद लागला होता. बुऱ्हाणपुरात आमचा यंत्रमागांसाठी सुताच्या बॉबिनी भरून देण्याचा छोटा कारखाना आहे. दिवसभर त्या खडखडाटात बसून डोके भणभणायचे, म्हणून रविवारी पहाटे मी नवी गिअरची सायकल काढून असीरगडाच्या दिशेने मोठ्या रस्त्याने सुसाट निघत असे. वेगाची मला हौस आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. त्या दिवशी गडाच्या पायथ्याच्या गावाजवळ केळ्यांनी भरलेला एक ट्रक इतका खेटून गेला की मी डांबर सोडले आणि थेट खाली. उठून पाहते तर समोरच्या चहाच्या टपरीवरून पांढरा सदरा घातलेले, डोक्याला उपरणे गुंडाळलेले, पायजम्याला क्लिपा लावलेले एक गृहस्थ पाण्याचा पेला घेऊन येत होते.

"ताई, ट्रकसंगं शर्यत लावली होती का?"

मला राग आला, पण तहान जास्त लागली होती. त्यांनी आधी पाणी दिले, मग माझे कोपर पाहिले आणि मग सायकल पाहिली. एरवी सायकलवाली माणसे आधी सायकल पाहतात. मग त्यांनी विचारले, "घरी कशा जाल आता?"

"आले तशीच."

"त्या रस्त्यानं नका जाऊ. माह्यासंगं चाला. वाटेत एक बी ट्रक दिसला तर चहा माह्याकडून."

त्यांच्या त्या जुन्या काळ्या सायकलीमागे मी निघाले. टपरीच्या मागून एक गाडीवाट उतरली, कोरडा नाला ओलांडला, कपाशीच्या शेतांमधून गेली, मग केळीच्या बागांच्या सावलीत शिरली. ट्रक एकही आला नाही. ट्रॅक्टर मात्र एक आला, आणि मी लगेच चहा मागितला. "ट्रॅक्टर ट्रकात मोजत नाहीत," ते म्हणाले, पण शहरात पोचल्यावर चहा पाजलाच. मोठ्या रस्त्याने लागला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागला होता. घरी येऊन मी यजमानांना म्हटले, "आज एक विक्षिप्त गृहस्थ भेटले. पुढच्या रविवारी पुन्हा भेटणार आहेत." तेव्हापासून ते रविवार चालू आहेत.

संपादकांनी मला अण्णांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि वैयक्तिक आठवणी अशा क्रमाने लिहायला सांगितले आहे. मी प्रयत्न करते. पण अण्णांच्या बाबतीत या तीन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. आयुष्यभर जपलेली सर्वांत लाडकी वाट अण्णांनी स्वतःहून सोडून दिली, ती गोष्ट. तिथे पोचायला थोडे मागून यावे लागेल.

अण्णा मूळचे रावेरकडचे. ऐन तारुण्यात ते आपल्या भागातल्या कागद गिरणीत कामाला लागले आणि कागदाच्या यंत्रावर फोरमन म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांनी बुऱ्हाणपुरात घर केले. गिरणीच्या वसाहतीत महाराष्ट्रातली पुष्कळ कुटुंबे होती. सुटीच्या दिवशी कोणी झोपत असे, कोणी पत्ते कुटत असे, आणि अण्णा सायकल घेऊन सातपुड्यात शिरत. हा छंद कसा लागला, असे एकदा मी कुसुमकाकूंना विचारले. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लग्नात माह्या बापानं सायकल दिली. यायनं मले कमी फिरवलं, तिलेच जास्त." अण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी काकूंच्या तांदळातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

अण्णांनी शोधलेल्या वाटा म्हणजे नवे रस्ते नव्हेत. बैलगाडीची चाकोरी, कालव्याची कड, लाकूडतोडीच्या काळात वनखात्याने पाडलेले आणि पुढे गवतात हरवलेले रस्ते, देडतलाईच्या बाजाराला लोक ज्यांनी पायी जातात त्या पायवाटा. हे तुकडे जोडून जोडून त्यांनी दिवसा-दोन दिवसांच्या फेऱ्या बसवल्या, अशा की निघाल्यापासून परतेपर्यंत मोटारीचा हॉर्न कानावर पडू नये. एक फांदी तोडायची नाही, दगड हलवायचा तर परतताना जागी ठेवायचा, कुणाच्या शेतातून जायचे तर घरी जाऊन विचारायचे. प्रत्येक वाट ते आधी स्वतः तीन वेळा करत. एकदा थंडीत, एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळा सरल्यावर. या तीन परीक्षांत पास झालेल्या वाटेवरच ते दुसऱ्याला नेत. मी एकदा म्हटले, "अण्णा, एवढ्या वेळात मुलीचे लग्न जमते." ते म्हणाले, "मुलीचं लग्न बी म्या असंच जमवलं." त्यांचे जावई अतिशय सज्जन आहेत, हे इथे नमूद करते.

या सगळ्या वाटांमध्ये तळ्याची फेरी ही राणी. डोंगराच्या कुशीत, सागाच्या रानात एक मोठे तळे आहे. बांध घालून अडवलेले, पण आता इतके जुने की ते तिथे कायमचेच होते असे वाटावे. त्याच्या उगवतीच्या काठाने एक कच्ची वाट जाते. पानगळीच्या दिवसांत चाकांखाली सागाची पाने कुरकुरतात, पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या खोडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, आणि पलीकडच्या काठावर डोंगर सरळ पाण्यात उतरलेला दिसतो. त्या वाटेवर बेलढाना नावाचा लहानसा पाडा आहे. तिथल्या सुगनाबाईंच्या अंगणात थांबून शिदोरी सोडायची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि घडातली केळी खायची, आणि त्यांच्या घरचे माठातले पाणी प्यायचे, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. लोक या फेरीला अण्णांची फेरी म्हणत. अण्णांना ते नाव पटत नसे, पण ऐकून ते खूश होत, हे मी पाहिले आहे.

सुरुवातीच्या काळात अण्णांबरोबर सगळी गिरणीचीच माणसे असत. गिरणीचा भोंगा त्या रानात तळ्यापर्यंत ऐकू येई, म्हणून घड्याळ कुणीच बाळगत नसे. दुपारचा भोंगा झाला की उठायचे आणि परत फिरायचे, असा बेत. एकदा ही सगळी मंडळी तळ्यावर जेवून आडवी झाली. गप्पा झाल्या, झोपा झाल्या, पुन्हा गप्पा झाल्या. "आज दिवस मोठा वाटू राहिला," असे कुणीतरी म्हणाले. सूर्य डोंगराला टेकला तरी भोंगा होईना. शेवटी एकाच्या डोक्यात प्रकाश पडला. गिरणी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद होती. बंद होती म्हणून तर सगळ्यांना एकदम सुटी मिळाली होती, आणि सुटी मिळाली म्हणून ते सगळे तिथे आले होते! अंधार पडता पडता ही वरात वसाहतीत पोचली तेव्हा बायका रस्त्यावर उभ्या होत्या. कुसुमकाकू तो प्रसंग आजही पाहुण्यांना सांगतात, आणि अण्णा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात.

पुढे शहरातली माणसे जोडली गेली आणि आमचे फेरी मंडळ उभे राहिले. मंडळाला घटना नाही, नियम मात्र आहे, आणि तो अण्णांचा. चढ आला की पायथ्याशी सगळ्यांनी थांबायचे. सर्वांत हळू चालवणाऱ्याने पुढे व्हायचे, आणि बाकीच्यांनी त्याच्या गतीने मागून यायचे. अण्णा स्वतः कायम शेवटी. "शेपूट माह्यं," असे म्हणून ते सर्वांत मागे थांबत.

वेगाची हौस असलेल्या माझ्यासारखीला हा नियम म्हणजे शिक्षाच होती. आमचे बोंडे वकील हे देहाने भारदस्त आणि चढावर त्याहून भारदस्त, त्यामुळे प्रत्येक घाटात ते पुढे आणि त्यांच्या मागे आम्ही सगळे रांगेने. अध्यक्षांनी नेहमी आघाडीवर असावे, म्हणून आम्ही त्यांनाच मंडळाचे अध्यक्ष केले. एकदा मी अण्णांशी भांडलेच. म्हटले, "माझे पाय दुखतात हो एवढे हळू चालवून!" तेव्हा त्यांनी कागदाचे यंत्र समजावले. ओला कागद एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जातो, असे पुष्कळ रूळ असतात. "एक जरी रूळ जोरात फिरला ना मीना, तर कागद फाटते. हळू फिरणाऱ्यापाशी नाही फाटत. जोरात फिरणाऱ्यापाशी फाटते." मी त्यांच्याकडे रागाने पाहिले आणि पुढचा घाट वकिलांच्या मागून मुकाट्याने चढले.

गिरणीत ओला कागद वाहून नेणारे जाड लोकरी कापड असते, त्याला फेल्ट म्हणतात. झिजलेले फेल्ट कामगारांना मिळे आणि वसाहतीत घरोघरी त्याचीच पांघरुणे, त्याच्याच बैठकी असत. मंडळात नवीन आलेल्या माणसाने तळ्याची पहिली फेरी पूर्ण केली की अण्णा त्याला फेल्टची, हाताने शिवलेली, सायकलच्या सीटवर घालायची गादी देतात. माझी गादी आता पार चपटी झाली आहे, पण बदलायची इच्छा होत नाही. निवृत्तीनंतर नवे फेल्ट मिळेना, तेव्हा अण्णांनी घरातले काढले. काकूंची तक्रार रास्त आहे. "पलंगावरचं सगळं फेल्ट तुमच्या सीटांवर गेलं. आता थंडीत आमी काय तुमच्या सायकली पांघरू?"

एक आठवण माझ्या घरातली. माझ्या सासूबाई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या होत्या. एक सबंध हंगाम मला फेरीला जाता आले नाही. अण्णा दर रविवारी परतताना आमच्याकडे येत. येताना वाटेत मिळालेले काहीतरी आणत. कधी ओंजळभर जांभळे, कधी पळसाच्या द्रोणात करवंदे, कधी नुसतीच मोहाची फुले. ते माझ्या हातात कधी देत नसत. सासूबाईंच्या उशाशी ठेवत आणि आज कुठून कुठे गेलो ते त्यांना सांगत. सासूबाईंचे माहेर देडतलाईच्या बाजूचे. दिवस दिवस गप्प असणारी ती माउली डोळे उघडून म्हणे, "नाल्याच्या वरतं आंब्याचं झाड होतं. हाये का अजून?" अण्णांना माहीत नसले तर पुढच्या वेळी ते वाट वाकडी करून पाहून येत. "हाये आई. मोहर बी हाये." सासूबाई हसत. त्या दिवसांत त्या हसाव्यात यासाठी आम्ही घरच्यांनी किती खटपट केली होती! अण्णांचे हे ऋण फिटणारे नाही, आणि ते फिटावे असे मला वाटतही नाही.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी बातमी आली की तळ्याच्या उगवतीच्या काठाने बेलढान्यापर्यंत पक्का रस्ता होणार. म्हणजे आमच्या फेरीवरून डांबर जाणार, मागून गाड्या येणार, गाड्यांमागून गाणी आणि चिप्सची पाकिटे येणार. मंडळात आकांत झाला. त्यात माझा आवाज सर्वांत मोठा होता. बोंडे वकिलांनी हरकतीचा अर्ज तयार केला. झाडे, पक्षी, शांतता, सगळे मुद्दे चोख होते. अर्जावर पहिली सही अण्णांची हवी होती. ज्यांनी ती फेरी बसवली, त्यांच्या शब्दाला वजन होते, वर्तमानपत्रवालेही त्यांनाच विचारणार होते. अण्णांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "सभा घ्या. पण इथी नाही. सुगनाबाईच्या अंगणात घ्या. अन् सायकली नका आणू, पायी चाला."

दिवस पावसाळ्याचे होते. बांधाजवळ गाडीतून उतरून आम्ही त्याच वाटेने चालत निघालो. थंडीत पानांनी कुरकुरणारी ती वाट गुडघाभर चिखल झाली होती. दोन ठिकाणी नाल्याला पाणी होते, तिथे एकमेकांचे हात धरून उतरावे लागले. आम्ही सगळे तिथे वर्षानुवर्षे येत होतो, पण पावसाळ्यात कधीच आलो नव्हतो. अंगणात पोचलो तेव्हा वकिलांची एक चप्पल चिखलात राहिली होती. सुगनाबाईंनी पाय धुवायला पाणी दिले, चुलीजवळ बसवले, आणि नेहमीसारखेच विचारले, "बाबूजी, खाना लाये हो?"

अण्णांनी त्यांना सरळच विचारले, रस्ता हवा का म्हणून. सुगनाबाईंनी चुलीतले लाकूड पुढे सारले. मग म्हणाल्या, मागच्या पावसाळ्यात थोरल्या सुनेला खाटेवर घालून याच वाटेने बांधापर्यंत नेले. सून वाचली, मूल वाचले नाही. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुम तो इतवार को आते हो, बाबूजी। तुमको अच्छा लगता है, हमको भी अच्छा लगता है तुम आते हो तो। पर हम तो रोज यहीं हैं।"

वकिलांनी अर्जाची बॅग उघडलीच नाही. मी मात्र परतीच्या वाटेवर अण्णांना गाठले. मला रडू येत होते आणि रागही येत होता. म्हटले, "अण्णा, त्यांना रस्ता मिळालाच पाहिजे, मला कळतेय. पण दुसऱ्या बाजूने वळवता येईल, लांबून आणता येईल. तुम्ही एकदा बोलून तर पाहा. तुमची सगळी हयात गेली या वाटेत!"

अण्णा चिखलात काठी रोवून थांबले. "लांबून आणला तर कधी होईल? आजून एका सुनेले खाटेवर नेल्यावर? वाट त्यायची आहे, मीना. आपण पाहुणे. इतके दिवस पाणी पाजलं त्यायनं."

"मग आपली फेरी? दुसरे तळे कुठून आणणार?"

"तळं तेच हाये ना. त्याले दुसरा काठ बी हाये."

मला ते उत्तर मुळीच पटले नाही. पलीकडे सरळ उभा डोंगर होता. आपल्याला गप्प करण्यासाठी ते असे म्हणाले, असेच मला वाटले. मंडळातले काहीजण रुसून यायचे बंद झाले. अण्णांनी वकिलांकडून दुसरा अर्ज लिहून घेतला, रस्ता लवकर व्हावा म्हणून, आणि त्यावर पहिली सही केली. काकूंनी मला नंतर सांगितले की त्या संध्याकाळी अण्णा ओसरीवर बसून सायकलच्या साखळीला तेल देत होते. साखळीला आदल्याच दिवशी तेल दिलेले होते. काम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आम्ही जुनी फेरी शेवटची केली. तळ्याच्या वळणावर अण्णा उतरले आणि बराच वेळ पाण्याकडे पाहत उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवले नाही, आणि आम्हीही दुसरीकडे पाहिले नाही.

रस्ता झाला. पुढच्याच पावसाळ्यात सुगनाबाईंच्या धाकट्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा गाडी अंगणापर्यंत आली. मुलगी झाली. बारशाला आम्ही सगळे गेलो होतो, रुसलेले सुद्धा. त्या बारशातच सुगनाबाई अण्णांना बाजूला घेऊन पलीकडच्या डोंगराकडे हात करून म्हणाल्या, "बाबूजी, उधर से मेरे मायके का रास्ता है। ब्याह में बैलगाड़ी उधर से ही आई थी। अब कोई नहीं जाता।"

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. "सांगितलं होतं ना," एवढे मात्र म्हणाले नाहीत, ही त्यांची मेहेरबानी.

मग पुन्हा त्या तीन परीक्षा सुरू झाल्या. वनखात्याची रीतसर परवानगी घेतली. सुगनाबाईंचे दोन्ही मुलगे वाट दाखवायला येत. झुडपांत बुडालेली चाकोरी हळूहळू दिसू लागली. लांबून न दिसणाऱ्या अरुंद पट्टीवरून ती पाण्याकाठाने जात होती, मग एका खिंडीकडे चढत होती. मोटार तिथे जाऊच शकत नाही, आणि पलीकडे आता नवा मोठा रस्ता असल्यामुळे कुणाला तिथून न्यायचीही नाही. पण त्याच काळात अण्णांचा उजवा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टरांनी सायकल चालवा म्हटले, चढ टाळा म्हटले. अण्णांनी पहिला सल्ला तंतोतंत पाळला. दुसऱ्याबद्दल विचारले की ते बहिरे होत.

या हिवाळ्यात सगळ्या मंडळाने दुसऱ्या काठाची पहिली पूर्ण फेरी केली. ऊन कोवळे होते, पाणी शांत होते. पलीकडे बेलढान्याची कौले दिसत होती आणि नव्या रस्त्यावरून शाळेची गाडी जाताना दिसली. खिंडीच्या पायथ्याशी शिरस्त्याप्रमाणे सगळे थांबले. बोंडे वकील सवयीने पुढे जाऊन उभे राहिले. अण्णा अजून आले नव्हते. आम्ही वाट पाहत राहिलो. या आधी अण्णांची वाट पाहायची वेळ कधी आलीच नव्हती. ते मागे असत ते आमच्यासाठी. त्या दिवशी ते खरोखरच मागे पडले होते. सगळ्यांना ते कळले होते.

अण्णा आले. उतरले, पाणी प्यायले, उपरण्याने तोंड पुसले. आमच्या चेहऱ्यांकडे पाहिले.

"नियम काय हाये आपला?"

एवढेच त्यांनी विचारले. मग अण्णा सायकल हातात धरून, आमच्या रांगेच्या कडेने, एकेकाला मागे टाकत पुढे चालत गेले.

वकील म्हणाले, "अण्णा, ही जागा माझी आहे." हसत म्हणाले, पण सायकल हलवली नाही.

"होती. आता तुमाले बढती. मागं सरा." मग त्यांनी वळून मला हाक मारली. "मीना! शेपूट तुह्यं."

मी सर्वांत मागे गेले. अण्णांनी पायडल मारले आणि सबंध मंडळ त्यांच्या गतीने खिंड चढू लागले. इतकी हळू मी आयुष्यात सायकल चालवली नसेल. माझे पाय दुखले नाहीत. मागून मला सगळे दिसत होते. कुणाचे हँडल डुगडुगतेय, कुणी दम घ्यायला थांबेल असे वाटतेय, कुणाच्या सीटवरची फेल्टची गादी सरकलीय. सगळ्यांच्या पुढे, वळणावर, ते पांढरे उपरणे. अण्णा इतकी वर्षे शेवटी राहून काय पाहत होते, ते मला तेव्हा कळले. ते तळे पाहत नव्हते, डोंगरही पाहत नव्हते. आम्हाला पाहत होते.

खिंडीत पोचल्यावर अण्णा दगडावर बसले आणि म्हणाले, "पाह्य, कागद फाटला नाही." आम्ही शिदोऱ्या सोडल्या.

अण्णा, आज तुम्ही पंच्याहत्तर वर्षांचे होत आहात. तुमच्या गुडघ्याला आराम पडो, कुसुमकाकूंच्या पलंगावर पुन्हा नवे फेल्ट येवो, तुम्हा दोघांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, अशी मंडळाच्या वतीने आणि माझ्या वतीने मनापासून प्रार्थना करते. अजून कितीतरी हिवाळे तुमच्याच गतीने त्या खिंडीत चढायचे आहेत. सावकाश चालवा. आम्ही मागे आहोत, आणि सर्वांत शेवटी मी आहे.